न हलणारे हत्यार

“काका, घरी धातूचं काम शिकायला सुरुवात करते आहे, पहिला व्हाइस कोणता घेऊ?” असे मित्राच्या मुलीने गेल्या महिन्यात मला विचारले. कानस, हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत), हातोडी, सेंटर पंच, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) एवढी सामग्री तिने आधीच जमवली होती आणि व्हाइसपाशी, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या हत्यारापाशी, येऊन ती अडली होती, कारण लांबून पाहिले तर सगळे व्हाइस सारखेच दिसतात, आणि उचलायला गेले तर एखादा एका हातात येतो आणि एखादा जागचा हलत नाही. “१२५ मिलिमीटर जबड्याचा, जड, न फिरणाऱ्या बुडाचा आणि मिळाला तर एस. जी. आयर्नचा घे,” एवढे उत्तर मी तिला तिथल्या तिथे देऊ शकलो असतो. ते दिले नाही, कारण या वाक्यातला एकेक शब्द मला चुका करत सापडला आहे, आणि त्यामागची कारणे ठाऊक नसतील तर प्रत्यक्ष निवड करताना नेमका तसाच व्हाइस समोर नसला म्हणजे कशावर तडजोड करायची आणि कशावर अजिबात करायची नाही, हे तिला ठरवता आले नसते. तिला जे सांगितले तेच इथे थोडे विस्ताराने लिहितो आहे.

माझा पहिला व्हाइस ६० मिलिमीटर जबड्याचा होता. टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने आवळून बसवायचा आणि काम झाले की काढून कपाटात ठेवायचा, असा तो प्रकार. घरात जागा कमी असते, छिद्रे पाडायला कोणी टेबल देत नाही, अशा वेळी तो सोयीचा वाटतो. आणि तारा, घड्याळाचे सुटे भाग, डाग द्यायचे लहान जोड धरायला तो खरोखर चांगला असतो. मी मात्र त्यात ६ मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी धरली आणि तिची कड सरळ घासायला घेतली. कानस पुढे रेटली की पट्टी केसभर मागे जायची, कानस उचलली की परत जागेवर यायची, आणि प्रत्येक फेरीला कानात शिरणारा किर्र आवाज व्हायचा. घासलेली कड गुण्याच्या पात्याला लावून उजेडासमोर धरली की दोन्ही टोकांना प्रकाशाची बारीक रेघ दिसायची. म्हणजे कड मध्ये फुगलेली आणि टोकांकडे उतरलेली. मी ती पुन्हा घासायचो. पट्टी अरुंद होत जायची, फुगवटा तसाच राहायचा.

कानस सपाट चालवणे हे हाताला सवयीनेच येते, असे मी ऐकून होतो, त्यामुळे दोष हातांचाच आहे याबद्दल मला शंका नव्हती. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण लहानपणापासून कानांवर पडलेली असते, आणि तिचा एक परिणाम असा होतो की अवजाराकडे बोट दाखवायची आपल्याला लाज वाटू लागते. पुढे एका ओळखीच्या फिटरने त्याच्या कामाच्या जागी मला अर्धा दिवस उभे राहू दिले. त्याचा व्हाइस जमिनीत रोवलेल्या लोखंडी टेबलावर बसवलेला होता. तीच पट्टी, तीच कानस, तेच हात. आणि पहिल्याच फेरीला आवाज बदलला. किर्र जाऊन एक खोल, एकसारखी खरखर ऐकू येऊ लागली, कानशीच्या दातांतून लांब कण पडू लागले, आणि वीस मिनिटांत गुण्याखालची रेघ जवळजवळ बुजली. माझे अंगण खरोखरच वाकडे होते.

व्हाइस पकडण्यासाठी असतो असे आपण म्हणतो, पण पकड ही त्याची निम्मीच कामगिरी आहे. कानशीने दिलेला जोर वस्तूतून जबड्यात जातो, जबड्यातून सरकत्या दांडीत, तिथून व्हाइसच्या अंगात, अंगातून बुडात, बुडातून बोल्टांत, बोल्टांतून टेबलात आणि टेबलाच्या पायांतून जमिनीत. या साखळीतली एक कडी जरी लवचीक असली तरी आपण दिलेल्या जोराचा काही भाग धातू कापण्याऐवजी ती कडी वाकवण्यात आणि परत सरळ होऊ देण्यात खर्च होतो. कानशीचे दात मग धातूत शिरण्याऐवजी त्यावरून घसरतात आणि बोथट होतात, हॅक्सॉचे पाते अडकून मोडते, आणि छिन्नीवर मारलेला घाव अर्धा टेबलाच्या उसळीत विरतो. हातांनाही चुकीचे शिक्षण मिळते. हलणाऱ्या वस्तूवर काम करताना हात त्या हालचालीशी जुळवून घ्यायला शिकतात, आणि ती सवय मोडायला पुढे फार काळ लागतो. म्हणून व्हाइस निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: यातले काय काय हलू शकेल?

या प्रश्नाचे पहिले उत्तर वजन देते. व्हाइसचा आकार जबड्याच्या रुंदीवरून सांगतात, पण ती रुंदी पुष्कळदा फसवी असते. १२५ मिलिमीटरचेच दोन व्हाइस मी शेजारी शेजारी ठेवून उचलले आहेत. एक ८ किलोच्या आसपासचा होता आणि दुसरा १६ किलोच्या. दोन्हींच्या जबड्यांवर सारख्याच लांबीच्या पट्ट्या होत्या, परंतु हलक्या व्हाइसचे जबडे मागून पोखरल्यासारखे पोकळ होते आणि सरकती दांडी माझ्या दोन बोटांएवढी रुंद होती. रुंद जबड्यात रुंद वस्तू धरता येते, म्हणजेच जास्त जोर लावायचा मोह होतो, आणि तो जोर घ्यायला आत धातूच नसतो. नवशिक्याला १०० मिलिमीटरचा भरीव व्हाइस १५० मिलिमीटरच्या पोकळ व्हाइसपेक्षा कितीतरी जास्त काम देईल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. जागा आणि टेबल दोन्ही सोसत असतील तर १२५ हे माप मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यात घरगुती कामातले अँगल, पट्ट्या, नळ्या सगळे मावते आणि तरीही एका माणसाला तो उचलून बसवता येतो.

दुसरे उत्तर धातूचे आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे. बहुतेक व्हाइस बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. साध्या, करड्या बिडात कार्बनचा मोठा भाग ग्राफाइटच्या रूपात वेगळा पडलेला असतो आणि तो पातळ, वेड्यावाकड्या पापुद्र्यांच्या आकारात असतो. भिंगाखाली पाहिले तर धातूत जागोजागी बारीक चिरा आधीच पाडून ठेवल्यासारख्या दिसतात. दाबाखाली या चिरा मिटतात, म्हणून बीड दाब उत्तम सोसते. ताणाखाली मात्र त्यांची टोके फाटत जातात आणि न वाकता, आगाऊ सूचना न देता, बीड तडकते. व्हाइसमध्ये ताण कुठे येतो? जबडे आवळले की वस्तू दोन्ही जबड्यांना बाहेर ढकलते, जबडे मुळापाशी मागे वाकू पाहतात, आणि त्यामुळे जबड्याच्या आतल्या बाजूला, जिथे तो अंगाला मिळतो त्या कोपऱ्यात, धातू ताणला जातो. तडे तिथेच सुरू होतात.

१९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळून पाहिले आणि ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या आकारात गोठले. गोळ्याला टोक नसते, म्हणून चीर सुरू व्हायला जागाही नसते. हेच एस. जी. (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोलाकार ग्राफाइटचे) आयर्न, ज्याला डक्टाइल आयर्नही म्हणतात. त्याच्या प्रतींच्या नावातच दोन आकडे असतात. उदाहरणार्थ ४००-१५ याचा अर्थ ४०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसण्याची ताकद आणि तुटण्यापूर्वी निदान १५ टक्के लांबण्याची क्षमता. साधे बीड तुटण्यापूर्वी एक टक्कादेखील लांबत नाही. लांबण्याची ही क्षमता व्हाइसच्या दृष्टीने ताकदीहूनही मोलाची आहे, कारण चुकून फार जोर पडला तर व्हाइस आधी किंचित वाकतो आणि माणसाला थांबायला वेळ मिळतो. घडीव पोलादाचे व्हाइस याच्याही पुढचे असतात, पण नवशिक्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

एवढे सांगून झाल्यावर साध्या बिडाची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्याला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे आहे. ग्राफाइटचे तेच पापुद्रे कंपने शोषून घेतात, म्हणूनच लेथसारख्या यंत्रांची बुडे पिढ्यान्‌पिढ्या करड्या बिडाची ओतली जात आली आहेत. घासणे, कापणे, आटे पाडणे एवढेच करायचे असेल तर जाड अंगाचा साध्या बिडाचा व्हाइस आयुष्यभर पुरतो आणि कानशीखाली अतिशय शांत चालतो. अडचण ठोकण्यात आहे. नवशिका माणूस व्हाइसमध्ये पट्टी धरून हातोडीने वाकवतोच, कारण त्याच्याजवळ वाकवायचे दुसरे साधन नसते, आणि म्हणूनच पहिल्या व्हाइसला थोडी क्षमाशीलता असावी असे मला वाटते. नवा पण पातळ एस. जी. आयर्नचा आणि जुना पण जाड साध्या बिडाचा असे दोनच समोर असतील तर मी जाड घेईन आणि ठोकायचे काम वेगळ्या ऐरणीवर करीन. लोहारकाम करणारे या प्रश्नातून फार पूर्वीच सुटले आहेत. त्यांच्या पायाच्या व्हाइसला घडीव लोखंडाचा एक लांब पाय असतो, तो जमिनीला टेकतो, आणि घाव टेबलाला न जाता सरळ जमिनीत उतरतो.

आता स्क्रूकडे येऊ. एका शांत संध्याकाळी मी माझ्या व्हाइसचा हिशेब कागदावर मांडला होता. स्क्रू फिरवायच्या दांड्याच्या टोकाचे स्क्रूच्या मध्यापासूनचे अंतर १८० मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात माझा हात सुमारे ११३० मिलिमीटर फिरतो. स्क्रूच्या दोन लागोपाठच्या आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटर, म्हणजे तेवढ्यात जबडा ५ मिलिमीटर पुढे सरकतो. गुणोत्तर २२६ पट. हाताने १५ किलोचा जोर लावला तर जबड्यांमध्ये सुमारे ३,४०० किलोचा दाब यायला हवा. प्रत्यक्षात आट्यांमधले आणि स्क्रूच्या गळ्याशी होणारे घर्षण यातला बराच मोठा भाग खाऊन टाकते. तीन चतुर्थांश गेला असे धरले तरी ८०० किलोंच्या वर दाब उरतो. हे घर्षण वाया गेले असे मात्र म्हणता येत नाही. दांड्यावरचा हात काढला तरी जबडे सुटत नाहीत, कारण दाबाखालचा स्क्रू आपणहून उलटा फिरू शकत नाही, आणि आपणहून उलटा न फिरणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता निम्म्याहून कमीच असते. जोर खाणारे घर्षण आणि वस्तू धरून ठेवणारे घर्षण एकच आहे, हे मला पहिल्यांदा उमजले तेव्हा मी दांडा कितीतरी वेळ नुसताच उघडत आणि आवळत बसलो होतो.

या हिशेबातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. दांड्याला नळी घालून तो लांब करू नये. नळीने अंतर तिप्पट झाले की दाबही तिप्पट होतो, आणि बनवणाऱ्याने दांड्याची लांबी व्हाइसच्या ताकदीशी मेळ घालूनच ठरवलेली असते. दांड्यावर हातोडी मारणे त्याहून वाईट. हाताच्या जोराने वस्तू धरली जात नसेल तर एकतर व्हाइस लहान आहे किंवा वस्तू चुकीच्या पद्धतीने धरली आहे. वस्तू जबड्याच्या एका कडेलाच धरायची वेळ येते तेव्हा दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा, नाहीतर सरकता जबडा तिरका होतो आणि सगळा भार स्क्रूच्या एका बाजूला जातो. माझ्या पहिल्या व्हाइसला तडा गेला तो ठोकताना गेला नव्हता. एका कोपऱ्यात बोल्ट धरून मी नळीने आवळत होतो तेव्हा गेला. टक्‌ असा बारीकसा आवाज झाला आणि दांडा एकदम हलका लागला. ज्या व्हाइसने मला इतका त्रास दिला त्याच्याबद्दल त्या क्षणी मला वाईट वाटले, कारण त्याच्याकडून मी जे मागितले ते त्याच्या अंगात नव्हते.

फिरत्या बुडाविषयी माझे मत ठाम आहे: पहिल्या व्हाइसला ते नसले तरी चालते. बूड फिरले की तिरकी कामे सोपी होतात हे खरे, परंतु साखळीत एक कडी वाढते, व्हाइसची उंची वाढते, आणि बूड आवळणारे बोल्ट एकाऐवजी दोन असले तरच ते ठोकताना जागेवर राहते. पाठीमागे जी लहानशी सपाट ऐरण दिलेली असते ती खिळा सरळ करण्यापुरती समजावी. खाली ती बहुधा पोकळ असते. जबड्यांखाली नळी धरायचे दातेरी जबडे असतील तर ते कामाला येतात. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या स्क्रूने लावलेल्या आणि बदलता येण्याजोग्या आहेत एवढे मात्र पाहून घ्यावेच.

जुना व्हाइस घ्यावा की नवा, याचे उत्तर मी जुन्याच्या बाजूने देतो, पण तो पारखता आला तर. पारखायला लागते ते थोडेच: एक लहान हातोडी, दोन कागदाच्या पट्ट्या, एक बॅटरी आणि घाई नसणे. आधी जबड्यांच्या मुळाशी, आतल्या कोपऱ्यात, आणि बुडाच्या बोल्टांच्या कानांपाशी बॅटरी तिरपी धरून पाहावे. तडा सरळ उजेडात दिसत नाही, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. एका ठिकाणी रंग बाकीच्यापेक्षा जाड किंवा नवा दिसला तर नखाने खरवडून बघावे, कारण खाली पुटी (भेगा बुजवायचा लेप) आणि पुटीखाली वेल्डिंग निघू शकते. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असल्यामुळे वेल्डिंगच्या कडेला धातू काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो; नीट तापवून, निकेलच्या रॉडने, सावकाश थंड होऊ देत केलेली दुरुस्ती टिकते, पण ती तशीच केली आहे हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. म्हणून जोडलेला व्हाइस मी घेत नाही. मग हातोडीने अंगावर हलकेच टिचकी मारून ऐकावे. साधे बीड घंटेसारखे वाजत नाही, त्यामुळे नुसता जड आवाज आला म्हणून घाबरू नये. पण एकाच व्हाइसवर दोन जागी आवाज वेगवेगळा आला, आणि त्यातला एक फुटक्या मडक्यासारखा आला, तर तिथे पुन्हा बॅटरी न्यावी.

त्यानंतर जबडे निम्मे उघडून सरकता जबडा हाताने वर आणि बाजूला हलवून पाहावा. थोडी हालचाल असायचीच, नाहीतर तो सरकलाच नसता. खडखडाट झाला तर मात्र सरकती दांडी झिजली आहे, आणि ती झीज घरी भरून काढता येत नाही. दांडा उलटा फिरवताना जबडा हलू लागण्याआधी तो किती रिकामा फिरतो ते मोजावे. पाव फेरा असेल तर जुन्या व्हाइसला माफ आहे. अर्ध्या फेऱ्याहून जास्त असेल तर स्क्रू पुढे काढून आटे पाहावेत. धडधाकट आट्याचा माथा सपाट असतो, झिजलेला आटा सुरीच्या धारेसारखा होतो. झीज फक्त नटात असेल आणि नट वेगळा निघत असेल तर तो बदलता येतो.

शेवटी कागद. जबड्यांच्या दोन टोकांना एकेक पट्टी धरून दांडा हलका आवळावा, दोन्ही पट्ट्या सारख्याच जोराने अडकल्या पाहिजेत. मग एक पट्टी जबड्याच्या वरच्या कडेला आणि एक खालच्या कडेला धरावी. इथे वरची आधी अडकली आणि खालची सैल राहिली तर नवशिक्याला वाटते की व्हाइसमध्ये दोष आहे. मलाही तसेच वाटले होते. खरे म्हणजे जबडे आवळले की वरून थोडे फाकतात, म्हणून चांगला बनवणारा ते वरच्या कडेला आधी टेकतील असेच ठेवतो, आणि पूर्ण जोर आल्यावर ते समांतर होतात. उलट, खाली आधी टेकणारे जबडे वस्तू कधीच नीट धरणार नाहीत.

जबड्यांच्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतील तर ते कारण नकाराला पुरेसे नाही. हेन्री मॉडस्ले पुढे इंग्लंडमधला यंत्रकारांचा गुरू म्हणून ओळखला गेला, पण १७८९ च्या सुमारास, अठराव्या वर्षी, तो जोसेफ ब्रामा या कुलूपकर्त्याकडे काम मागायला गेला तेव्हा त्याचे वय पाहून तिथले मुकादम साशंक झाले होते. जी हकीकत सांगितली जाते ती अशी, की बाकावर एक पार झिजलेला व्हाइस बसवलेला होता. हा दिवस मावळायच्या आत नव्यासारखा करून दिला तर मला ठेवाल का, असे त्याने विचारले. त्याने जबड्यांना नवे पोलाद बसवले, घासले, पाणी देऊन कडक केले, अंग साफ केले, आणि संध्याकाळी काम मिळवले. पुढे मॉडस्लेने घडवलेले ब्रामाचे आव्हानाचे कुलूप १८५१ पर्यंत कोणालाही किल्लीशिवाय उघडता आले नाही. त्या कामामागचा माणूस एका झिजलेल्या व्हाइसवरून पारखला गेला, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याला इतके करायची गरज नसते. पट्ट्यांचे स्क्रू सुटत असले, किंवा गंजले असले तरी तेल देऊन सुटू शकतील असे दिसत असले, की पुरे.

व्हाइस घरी आल्यावर खरी चूक होते ती बसवताना, आणि त्या चुकीची शिक्षा रोज भोगावी लागते. माझ्या दुसऱ्या, चांगल्या व्हाइसला मी लिहायच्या टेबलाइतक्या उंच लाकडी टेबलावर लाकडाच्या स्क्रूंनी बसवले होते. तासाभराने पाठ भरून यायची. नियम जुना आणि सोपा आहे: सरळ उभे राहून हात कोपरात दुमडावा, मूठ हनुवटीखाली टेकवावी, आणि त्या अवस्थेत कोपर जबड्यांच्या माथ्याला जेमतेम टेकले पाहिजे. माझे टेबल ७५ सेंटिमीटर आणि व्हाइस १७ सेंटिमीटर, म्हणजे जबडे ९२ सेंटिमीटरवर. माझे कोपर १०६ सेंटिमीटरवर. हे १४ सेंटिमीटर मी पाठीने भरून काढत होतो, आणि वाकलेल्या अंगाने चालवलेली कानस वर्तुळाच्या तुकड्यासारखीच चालते. व्हाइसखाली जाड लाकडाचा ठोकळा घातला, १२ मिलिमीटरचे बोल्ट आरपार नेऊन खालून पोलादाची पट्टी दिली, आणि व्हाइस टेबलाच्या मधून सरकवून पायाच्या बरोबर वर आणला. स्थिर जबड्याची तोंडाकडची बाजू टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर राहील असे पाहिले, कारण लांब पट्टी उभी धरायची झाली तर ती खाली लोंबायला मोकळी हवी. व्हाइसचे बूड ज्यावर बसते ती जागा सपाट नसेल तर बोल्ट आवळतानाच बिडाचा कान तुटू शकतो. तिथे खाली पातळ पाचर देऊन बूड आधी न डुगडुगता बसवावे. टेबल हलके असेल तर त्याच्या खालच्या फळीवर जड सामान ठेवावे किंवा ते भिंतीला बोल्टने बांधावे. अर्ध्या दिवसाच्या या खटपटीने जो फरक पडला तो महाग व्हाइस घेऊनही पडला नसता.

बाकी सवयी थोड्या आहेत. वस्तू जबड्यांच्या वर ५ ते १० मिलिमीटरच ठेवावी. जास्त वर काढली की कितीही उत्तम व्हाइस असला तरी ती कानशीखाली थरथरते. वाकवताना घाव नेहमी स्थिर जबड्याच्या दिशेने घालावा, सरकत्या जबड्याकडे घातला तर तो थेट स्क्रूला आणि नटाला लागतो. घासून तयार झालेली वस्तू पोलादी दातांत धरू नये, अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे कापून जबड्यांवर टोपीसारखे बसवावेत. माझ्या मते नव्या व्हाइसवर करायचे पहिले काम हेच, कारण त्यात कापणे, घासणे आणि कोपरे मोडणे तिन्ही येते. स्क्रूला ग्रीस, दांडीला तेल, आणि काम संपल्यावर ब्रशने कण झाडून जबडे सैल व दांडा उभा लोंबता ठेवला म्हणजे झाले.

हे सगळे सांगितल्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. एक व्हाइस तिने सोडून दिला होता. “काका, स्थिर जबड्याच्या मुळाशी रंग जाड होता, खरवडला तर खाली वेल्डिंगची वळी लागली.” दुसरा तिच्यासमोर होता, जुना, १२५ मिलिमीटरचा, साध्या बिडाचा, दोन हातांनी कसाबसा उचलता येणारा. दांडा पाव फेऱ्याहून कमी रिकामा फिरत होता. पट्ट्या झिजल्या होत्या, पण स्क्रूंच्या खाचा शाबूत होत्या. एक गोष्ट तिला खटकत होती: वरचा कागद अडकतो आणि खालचा निसटतो. मी तिला आणखी थोडे आवळून पाहायला सांगितले. फोनवर दांड्याचा धातूवर घासल्याचा आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग ती म्हणाली, “आता दोन्ही निघत नाहीत.”

येत्या रविवारी तिच्याकडे जायचे आहे. टेबलाचा कोणता पाय भिंतीलगत आहे ते बघून त्याच्या वर छिद्रे पाडायची आहेत, आणि त्याआधी तिला सरळ उभे करून कोपराची उंची मोजायची आहे, कारण ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे आणि माझा ठोकळा तिला चालणार नाही.